सर्वांतर्फे मी

निवृत्त मास्तराला गावात दोनच पदं मिळू शकतात. एक, देवळाच्या जीर्णोद्धार समितीचं सभासदत्व. दुसरं, नातेवाइकांची मुखत्यारी. समितीत माझी वर्णी लागली नाही, कारण समितीच्या अध्यक्षांना मी सातवीत मराठीत दोनदा बसवलं होतं आणि ते त्यांच्या अजून लक्षात आहे. मुखत्यारी मात्र घरबसल्या चालून आली, तीही दोन दिशांनी. एक शिरूरच्याच दुसऱ्या आळीतून, म्हणजे आत्याकडून, आणि एक थेट न्यू जर्सीहून, म्हणजे दादाकडून.

आमची जमीन दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. सात-बारावर तीन नावं: दादा, आत्या आणि मी. आत्यानं आयुष्यात कोणाला हक्कसोडपत्र करून दिलं नाही. माझ्या वडिलांनी एकदा विषय काढला होता, तेव्हा तिनं त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवलं होतं. आता तिघांचं एकमतानं वाटणीपत्र करायचं ठरलं. दादाला येणं जमत नव्हतं, आत्याला प्रवास झेपत नव्हता आणि मला घरात बसणं जमत नव्हतं. तेव्हा मुखत्यार कोण, यावर फारशी चर्चा झाली नाही.

त्या पदाचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचा तास मी घ्यायचो, त्यामुळे रामराजांनी 1750 च्या सांगोल्याच्या करारानं राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती दिला, हे मला पाठ. म्हणजे मराठेशाहीतलं सगळ्यांत मोठं कुलमुखत्यारपत्र सांगोल्याला झालं आणि ते न फिरवता येणारं निघालं. आरशासमोर दाढी करताना मी स्वतःला त्याच परंपरेत बसवून टाकलं. पागोटं तेवढं नव्हतं.

शिरूर आणि दौंड हे तालुके एकमेकांना खेटून आहेत, मध्ये काय ती भीमा. पण शिरूरच्या माणसाचा खासदार वेगळा, दौंडच्या माणसाचा बारामतीवाला. जायचा रस्ता शिरूरहून न्हावरे, न्हावऱ्याहून चौफुला आणि तिथून सोलापूर रस्त्यानं दौंड. आता चौफुला हे ठिकाण लावणीच्या कला केंद्रांसाठी अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक. “कुठं निघालात गुरुजी?” “चौफुल्याला.” एवढ्या दोन वाक्यांत माझी उभ्या नोकरीची अब्रू स्टँडवर सांडायची. पुढं “...मार्गे दौंडला, नोंदणीच्या कामाला” हे शब्द ऐकायला कोणी थांबायचं नाही. परत आलो की, “काय गुरुजी, झाली का नोंदणी?” असं डोळा मिचकावून विचारायचे.

पहिला कागद आत्याचा. मी बाजारातून कुलमुखत्यारपत्राचा तयार नमुना आणला. त्यात जगातली एकूण एक क्रियापदं होती: खरेदी करणे, विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, भाड्याने देणे, दावे लावणे, तडजोड करणे, वकील नेमणे, पैसे घेणे, पावत्या देणे. शेवटी, हे सगळं “मी स्वतः हजर राहून केले असे समजून मला मान्य व कबूल राहील.” मराठीच्या शिक्षकाला एवढी क्रियापदं एका जागी पाहून भरून येणारच. त्या दिवशी संकष्टी होती आणि आत्याला रांजणगावच्या गणपतीला जायची घाई. नोटरीच्या टेबलावर तिनं न वाचता सही ठोकली. नोटरींनी दातेरी कडेचं लालभडक गोल सील चिकटवलं, त्यावर शिक्का दाबला. ते सील इतकं राजेशाही दिसत होतं, की मी वाटेत थांबून पुन्हा पुन्हा पिशवीतून काढून पाहिलं.

वाटणीपत्राच्या मसुद्यावर आत्यानं घरीच सही केली होती. मी फक्त तिच्यातर्फे दौंडच्या नोंदणी कचेरीत हजर राहून “होय, ही सही तिचीच” अशी कबुली द्यायची होती. कारकुनानं कागद पाहिला. सीलाकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही, हे मला फार लागलं.

“गुरुजी, हे चालणार नाही. दस्तावर सही त्यांची आणि कबुली तुम्ही देणार. त्याला त्या जिथं राहतात तिथल्या दुय्यम निबंधकांसमोर झालेलं मुखत्यारपत्र लागतं.”

“पण नोटरी आहे की! सील बघा ना.”

“नोटरी परदेशातल्या माणसाला चालते. तुमच्या आत्या कुठं राहतात?”

“शिरूरला.”

“मग शिरूर अजून भारतात आहे.”

1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 33 हे असं आहे. देणारा भारतात राहत असेल तर त्याच्या भागातल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर. परदेशात असेल तर नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलात. दौंडच्या पुढं भीमेच्याच काठी पेडगाव आहे, जिथं लोक वेड पांघरून जातात. मला एवढ्या लांब जायची किंवा काही पांघरायची गरज पडली नाही.

परत आल्यावर मी अण्णांना शरण गेलो. अण्णा म्हणजे दस्तलेखक. कचेरीबाहेर टेबल, टेबलावर संगणक, संगणकावर उन्हासाठी टॉवेल. त्यांनी माझा नमुना वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“गुरुजी, तुम्ही मूठभर धान्य आणायला ट्रक घेऊन गेलात. हे ‘कुल’ आहे. तुम्हाला पाहिजे ‘खास’. एक दस्त, एक काम, काम झालं की कागद संपला. त्यातही नुसत्या कबुलीपुरता अधिकार घ्या. विकायचा अधिकार कशाला मागता म्हातारीकडं? ती काय म्हणेल?”

मुद्रांकाचं गणितही त्यांनीच मला शिकवलं. स्थावर मिळकत विकायचा अधिकार बिनमोबदला आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातवंडं अशा जवळच्या माणसाला दिला, तर 500 रुपयांचा मुद्रांक पुरतो. परक्याला दिला, तर थेट खरेदीखताइतकं शुल्क, कारण सरकारला वाटतं की ही विक्रीच आहे, फक्त टोपी घालून आलेली. “आणि भाचा?” मी विचारलं. अण्णा म्हणाले, “यादीत नाव नाही. ‘इतर जवळचे नातेवाईक’ असे शब्द आहेत. त्यात तुम्ही बसता की नाही, ते आत्याला विचारा.” मी विचारलं नाही.

मग आत्याला शिरूरच्या कचेरीत न्यायचं ठरलं. आजारी, म्हाताऱ्या माणसासाठी अधिकारी घरी येण्याची सोय कायद्यात आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “सरकारी माणूस दारात आला तर आळीला वाटंल जप्ती आली.” इस्त्रीचं नऊवारी नेसून ती रिक्षात बसली. या वेळी मात्र चष्मा आणला होता. आत्याचं शिक्षण चौथी, पण पेपर ती तारखेपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते. अण्णांच्या टेबलापाशी तिनं मसुदा हातात घेतला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

“‘आवश्यक ती सर्व कामे’ म्हंजी कोणती?”

“तसं लिहायची पद्धत आहे आत्या.”

“मग काढ. ‘माझे वतीने रकमा स्वीकारणे’? ह्ये बी काढ. ‘बदली मुखत्यार नेमणे’? म्हंजी तू पुन्हा आणखी कुणाला तरी नेमणार? तुलाच मी नाइलाजानं नेमतेय. काढ.”

अण्णा एकेक ओळ खोडत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर, चांगल्या विद्यार्थ्याला पाहून माझ्या चेहऱ्यावर यायचा तसला आनंद होता. शेवटी माझ्या पेशवाईत एकच अधिकार उरला: दौंडच्या कचेरीत जाऊन, सही आत्याची आहे, असं सांगणं.

आत साहेबांनी अदबीनं विचारलं, “आजी, हे मुखत्यारपत्र तुम्ही स्वखुशीनं देताय ना?”

“खुशीनं कसलं साहेब? घरात रिकामा हा एकटाच हाय.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. “दबाव नाही ना कुणाचा?” “ह्याचा? माझ्यावर?” असं म्हणून ती इतकी मनापासून हसली, की साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. बाहेर पडताना तिनं अण्णांना गाठलं. “मी मेल्यावर ह्या कागदाचं काय?”

“देणारा गेला की मुखत्यारपत्र गेलं, आजी. करार कायदा, कलम 201.”

“म्हंजी मी हाय तवर हा हाय,” आत्या माझ्याकडं बोट दाखवून समाधानानं म्हणाली.

दादाचा कागद याच्या अगदी उलट. दादा अमेरिकेत राहिल्यामुळे कोणतीही गोष्ट साधी करत नाही. त्यानं तिकडच्या नमुन्यावरून कित्येक पानी मुखत्यारपत्र तयार केलं आणि न्यू यॉर्कच्या भारतीय वकिलातीचे शिक्के मारून पाठवलं. त्यात एक कलम होतं, की आपली मानसिक क्षमता गेली तरीही हे मुखत्यारपत्र चालू राहील. अमेरिकेत असले टिकाऊ कागद करतात. आपल्याकडं कलम 201 इथंही आडवं येतं: देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्यारी संपली. ही गोष्ट आपल्याकडं फार घरांना उशिरा कळते. वडिलांना विस्मरण होऊ लागलं की मुलं कपाटातून जुनं कुलमुखत्यारपत्र काढतात, आणि ज्या दिवसासाठी तो कागद जपला, नेमका त्याच दिवशी तो निकामी झालेला असतो. मग न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवायचं असेल, तर त्याचा कागद वेगळा. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला मान्यता दिली आणि 2023 साली त्याची पद्धत सोपी केली. मी हे सगळं दादाला फोनवर समजावलं. तो म्हणाला, “म्हणजे मला वेड लागलं तर तू काहीच करू शकणार नाहीस?” मी म्हटलं, “नाही.” तो म्हणाला, “आणि तुला लागलं तर?” तेव्हाही मुखत्यारी संपते, असं त्याच कलमात आहे. ते मी त्याला सांगितलं नाही.

एवढा परदेशी कागद घरात आल्यावर तो कुठंही कसा ठेवणार? मी तो देवघरात, कुलदेवतेच्या टाकामागं ठेवला. पाडव्याला त्यावर हळदकुंकू वाहिलं. वकिलातीच्या शिक्क्यावर एक अक्षता अजून चिकटलेली आहे. मोजणी, नकाशा, आत्याच्या शंका या सगळ्यांतून मोकळा होऊन मी तो अण्णांकडं नेला, तेव्हा त्यांनी आधी कागद बाजूला ठेवून पाकिटावरची तारीख वाचली.

“गुरुजी, परदेशात झालेला दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायचा असतो. हा तर आषाढी करून आला.”

मग मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, विलंबाचा खुलासा आणि दंड. कायद्याला अपघात, चूक किंवा निकडीची गरज ही कारणं समजतात. भक्ती त्या यादीत नाही. अण्णांनी “अनवधानाने” हा शब्द सुचवला. मी तो शुद्ध लिहिला, एवढंच माझं योगदान.

याच काळात मला आपण कायदेपंडित झाल्याचा भास होऊ लागला होता. पुणे-नगर रस्त्याला एका गृहस्थांनी मला दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. “खरेदीखत आत्ता होणार नाही गुरुजी, तुकडेबंदी आहे. जिरायतीला 20 गुंठे लागतात, बागायतीला 10. पण न फिरवता येणारं कुलमुखत्यारपत्र देतो, जोडीला करारनामा, ताबापावती. मालक मेला तरी कागद जिवंत!” न फिरवता येणारं! सांगोला डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी इसाराची रक्कम खिशात घालून मोठ्या ऐटीत अण्णांच्या टेबलावरून चाललो होतो. त्यांनी हाक मारली, खिशाकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं केली.

कागदावर ‘अपरिवर्तनीय’ लिहिल्यानं तो तसा होत नाही, हे मला तिथं समजलं. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत खरोखर गुंतलेला असेल, तरच कलम 202 त्याला संरक्षण देतं. महाराष्ट्रात स्थावराच्या हस्तांतराचं असलं मुखत्यारपत्र नोंदवावंही लागतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, 11 ऑक्टोबर 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे, की मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र अशी तिकडी करून मिळकतीची मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. “दोन गुंठ्यांत तुम्हाला काय मिळालं असतं?” अण्णा म्हणाले, “दुसऱ्याच्या जमिनीवर दुसऱ्याच्या वतीनं उभं राहण्याचा अधिकार.” इसाराची रक्कम मी घरी परत नेली. ती काढलीच होती, हे घरात अजून ठाऊक नाही. हा लेख छापून आला तर होईल.

अखेर वाटणीपत्राचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी माझी पाठ धरली होती. जावयाला पाठवावं म्हटलं, तर बदली मुखत्याराची ओळ आत्यानं खोडलेली. मुखत्यारानं आपलं काम परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही, असा कायद्याचाही दंडक आहे. तेव्हा पट्टा बांधून, बिबट्याच्या भीतीनं दोन्ही बाजूंच्या उसाकडं न बघता, मी मोटारसायकलवरून भल्या सकाळी चौफुला ओलांडला. त्या वेळी तिथं कोणीच जागं नव्हतं, याची मी नोंद ठेवली.

कचेरीत तीन पक्षकार हजर झाले. पहिला मी. दुसरा दादा, तर्फे मी. तिसरी आत्या, तर्फे मी. प्रत्येकासाठी कॅमेऱ्यासमोर वेगळं बसायचं, वेगळा अंगठा द्यायचा. पहिल्या फोटोत मी पेशवा होतो. दुसऱ्यात पाठीतून कळ आली. तिसऱ्यात, म्हणजे आत्यातर्फे जो फोटो निघाला त्यात, मी तंतोतंत आत्यासारखा दिसतो. आम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार म्हणाले, “होय, या तिघांनाही आम्ही ओळखतो.”

मग कारकुनानं एक छापील कागद पुढं सरकवला. मुखत्याराचं घोषणापत्र: मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्यांनी ते रद्द केलेलं नाही, त्यांच्यापैकी कोणीही मयत झालेलं नाही; हे खोटं ठरल्यास नोंदणी कायद्याच्या कलम 82 प्रमाणे शिक्षेस पात्र राहीन. ‘शिक्षेस पात्र’ वाचताच हात थांबला. आत्या हयात होती. निघताना तिनं माझ्या शर्टावरून मला बोल लावले होते. पण दादाशी चार दिवसांत बोलणं नव्हतं. इकडं सकाळचे साडेअकरा, म्हणजे तिकडं मध्यरात्रीचे दोन. मी फोन लावला. खूप वेळानं उचलला.

“कोण गेलं?” दादा ओरडलाच.

“कोणी नाही. तू जिवंत आहेस का, एवढंच विचारायचं होतं.”

पलीकडं शांतता. मग वहिनींचा आवाज, मग पुन्हा दादा. “आहे.”

“बरं. आणि मुखत्यारपत्र रद्द नाही ना केलंस?”

“नव्हतं केलं. आता करतो.”

मी घाईघाईनं सही केली. फोन स्पीकरवर होता, हे मला साक्षीदारांच्या खांद्यांवरून कळलं.

दस्त झाला. तो झाल्यावर अण्णांनी आत्याला सहज म्हणून सांगितलं, की मुखत्यार स्वतःच पक्षकार असेल आणि मालकाला अंधारात ठेवून त्यानं आपला फायदा केला असेल, तर कलम 215 खाली मालकाला तो व्यवहार झिडकारता येतो. आत्यानं नकाशा मागवला, माझ्या वाट्याला विहीर कशी आली ते विचारलं, विहीर कोरडी आहे हे ऐकलं आणि समाधान पावली. पण काम झाल्यावरही मुखत्यारपत्र संपलं असं नुसतं मानायला ती तयार नव्हती. तिला रद्दपत्र नोंदवायचं होतं, आणि पेपरात जाहीर नोटीसही द्यायची होती. “लोकांना कळू दे, आता ह्याचा माझ्याशी संबंध न्हाय.” नोटीस लिहायची कोणी? घरात रिकामा मी एकटाच. माझ्याशी कोणीही व्यवहार करू नये, केल्यास तो आत्यावर बंधनकारक राहणार नाही, अशी नोटीस मी स्वतःच्या हातानं लिहिली. पेपरवाल्यांनी ‘मुखत्यार’मधला उकार दीर्घ केला होता, तोही मीच फोन करून दुरुस्त करून घेतला.

जाहिरातीचं बिल घेऊन मी आत्याकडं गेलो.

“हे कोण भरणार?” ती म्हणाली.

मी आता तयारीत होतो. “आत्या, कायद्याप्रमाणे मुखत्याराला मुखत्यारीत जी झळ बसली असेल ती मालकानं भरून द्यायची असते. कलम 222.”

आत्यानं शांतपणे चष्मा चढवला. “आन् मुखत्यारानं मालकाला मागितला की हिशेब द्यायचा असतो. 213. अण्णांनी सांगितलंय. आधी चौफुल्याच्या चहाचा हिशेब दे.”